लिहिताना खरी असलेली माहिती वाचतानाही खरी राहावी म्हणून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही चौघे मिळून प्रवासविषयक संकेतस्थळ चालवता, त्यावर साडेतीनशेच्या आसपास लेख साठले आहेत, आणि अलीकडे एका वाचक महिलेने कळवले की तुमच्या लेखावर विसंबून त्या एका संग्रहालयाच्या दाराशी पोहोचल्या, तेव्हा ते डागडुजीसाठी कित्येक महिन्यांपासून बंद असल्याचे त्यांना कळले. त्यानंतर तुम्ही संपादकीय नियमावली लिहायला घेतली आहे. प्रत्येक लेखकाने स्वतः जाऊनच लिहावे असा नियम करावा का, मोफत मिळालेल्या मुक्कामाबद्दल लिहावे का, आणि चूक सापडल्यास ती मुकाट्याने सुधारावी की जाहीरपणे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी आधी छापील मार्गदर्शिकांचे आणि नंतर संकेतस्थळांचे संपादन बरीच वर्षे केले आहे. तुमच्यापुढचा प्रश्न लेखकांच्या प्रामाणिकपणाचा नाही, हे सर्वांत आधी सांगावेसे वाटते. तुम्हीच लिहिले आहे की तो लेख लिहिणारा सहकारी तिथे जाऊन आला होता आणि त्याने दिलेल्या वेळा त्या दिवशी बरोबर होत्या. म्हणजे स्वतः जाण्याचा नियम असता तरी त्या महिलेचा हेलपाटा टळला नसता. प्रवासलेखनात धादांत खोटी माहिती तुलनेने कमी आढळते. खरी असलेली माहिती शिळी होते आणि शिळी झाल्याचे तिच्या तोंडावरून कळत नाही, हा खरा त्रास आहे. छापील मार्गदर्शिकेवर आवृत्तीचे वर्ष असते आणि वाचक आपोआप तेवढी सूट धरून वाचतो. संकेतस्थळावरचा लेख मात्र शोधयंत्रातून तिसऱ्या वर्षीही आजच लिहिल्यासारखा समोर येतो.

माहितीच्या वेगवेगळ्या आयुष्याचे एक उदाहरण मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी देतो. १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरणाऱ्या दोस्त सैन्यासाठी मिशलिन या टायर कंपनीच्या फ्रान्स मार्गदर्शिकेची १९३९ ची आवृत्ती वॉशिंग्टनमध्ये पुन्हा छापण्यात आली होती, कारण तिच्यातले शहरांचे नकाशे तपशीलवार आणि भरवशाचे होते. मधल्या पाच वर्षांत युद्ध पेटलेले होते, तरी रस्त्यांची मांडणी उपयोगी पडण्याइतकी खरी राहिली होती; त्याच पानांवरच्या हॉटेलांच्या नोंदींवर मात्र कोणी विसंबले नसते. एकाच पुस्तकाच्या एकाच पानावर दीर्घायुषी आणि अल्पायुषी माहिती शेजारी शेजारी बसलेली असते, आणि नियमावलीने सर्वांत आधी या दोन्ही वेगळ्या ओळखायला शिकवले पाहिजे.

किती कडक नियम करावेत हे मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. दहा पूर्णवेळ संपादक असलेली संस्था दर तीन महिन्यांनी प्रत्येक वेळापत्रक तपासू शकते. तुम्ही चौघे ते करू शकणार नाही, आणि न पाळता येणारा नियम लिहून ठेवण्यापेक्षा तो न लिहिलेला बरा. तुमचे लेखन व्यवहारोपयोगी माहितीचे आहे की प्रवासानुभवाचे, यावरही पुष्कळ ठरते. मनुष्यबळ कमी असेल तर अचूकतेचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे कमी माहिती देणे. जी वेळ तुम्ही पुन्हा तपासणार नाही, ती लेखात देऊच नका. त्या स्थळाच्या अधिकृत पानाची लिंक द्या आणि ‘निघण्यापूर्वी इथे पाहावे’ असे स्पष्ट लिहा. लेख अपुरा वाटेल अशी भीती लेखकांना वाटते, पण ज्याने रजा काढून तिकिटे घेतली आहेत त्याला जुन्या वेळेपेक्षा चालू लिंक कितीतरी उपयोगाची असते.

आता माहितीच्या आयुष्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बाकीचे नियम त्यातूनच निघतात. काही माहिती आपण कायमची धरून चालतो आणि तिथेच फसतो. माल्टाच्या गोझो बेटावरची ‘अझूर विंडो’ ही प्रसिद्ध दगडी कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात समुद्रात कोसळली. जी याद्या आणि छायाचित्रे तिच्या भरवशावर तयार झाली होती, ती सगळी एका दिवसात जुनी झाली. एव्हरेस्टची उंची आपण ८,८४८ मीटर अशी पाठ केलेली असते, पण नेपाळ आणि चीन यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी मिळून ८,८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली. जपानच्या बेटांची संख्या पूर्वी ६,८५२ सांगितली जात असे, ती २०२३ च्या नव्या मोजणीत १४,१२५ झाली. समुद्रातून नवी बेटे वर आली नव्हती, मोजण्याचे नकाशे अधिक बारकाईचे झाले होते. चीनच्या भिंतीची लांबी एके ठिकाणी सुमारे ८,८५० किलोमीटर आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे २१,१९६ किलोमीटर दिसते, तेव्हा नवखा संपादक एक आकडा चुकीचा ठरवून खोडतो. वास्तविक पहिला आकडा मिंग काळातल्या भिंतीचा आणि दुसरा सर्व राजवटींच्या बांधकामांचा आहे. म्हणून आमच्याकडे नियम असा होता की कोणताही मोठा आकडा एकटा उभा राहणार नाही; तो कशाचा, कोणी आणि केव्हा मोजलेला, हे त्याच वाक्यात किंवा लगतच्या वाक्यात आले पाहिजे.

‘सर्वांत’ या शब्दालाही हाच नियम लावा. व्हेनेझुएलातील एंजल धबधबा जगातला सर्वांत उंच मानला जातो; त्याची एकूण उंची ९७९ मीटर आहे आणि त्यातला सलग कोसळणारा टप्पा ८०७ मीटरचा आहे. लेखक यांतले काय सांगतो आहे हे त्याला स्वतःला ठाऊक असले पाहिजे. ‘सर्वांत जुने’, ‘सर्वांत लांब’, ‘एकमेव’ असे शब्द मसुद्यात दिसले की मी लेखकाला व्याख्या विचारत असे, आणि बहुतेक वेळा तो शब्दच गळून पडत असे.

मधल्या आयुष्याची माहिती अधिक घात करते, कारण ती वर्षानुवर्षे स्थिर राहते आणि मग एका तारखेला बदलते. कझाकस्तानच्या राजधानीचे अस्ताना हे नाव २०१९ मध्ये नूर-सुलतान झाले, २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना झाले, आणि मधल्या काळात तिथल्या विमानतळाचा तीन अक्षरी कोडही बदलला, जो नंतर पूर्ववत झाला नाही. त्याच देशाने १ मार्च २०२४ पासून दोन वेळविभाग मोडून एकच ठेवला. लिव्हरपूलचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतून २०२१ मध्ये वगळले गेले, त्याआधी २००९ मध्ये ड्रेस्डेनजवळच्या एल्ब खोऱ्याचे वगळले गेले होते. म्हणजे ‘जागतिक वारसा स्थळ’ हा मान एकदा मिळाला की कायमचा राहतो असे नाही. क्रोएशियाने तर १ जानेवारी २०२३ या एकाच दिवशी युरो हे चलन स्वीकारले आणि तो देश शेंगेन क्षेत्रातही (आपापसांतल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) सामील झाला, त्यामुळे त्या देशावरच्या लेखांतील चलनाचा आणि शेजारच्या शेंगेन देशांतून येताना होणाऱ्या पासपोर्ट तपासणीचा असे दोन्ही परिच्छेद एकदम चुकीचे ठरले. अशा बदलांसाठी मी एक साधा तक्ता ठेवत असे. चलन, वेळविभाग, शहरांची नावे यांसारखी माहिती एका जागी नोंदवायची आणि ती कोणकोणत्या लेखांत वापरली आहे हे तिच्यासमोर लिहायचे. बदलाची बातमी आली की तक्त्यातली एक ओळ उघडावी आणि तिच्यासमोरचे सर्व लेख त्याच बैठकीत दुरुस्त करावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या पाहण्यात याहून उपयोगी दुसरी पद्धत नाही.

अल्पायुषी माहिती म्हणजे वेळा, वेळापत्रके, शुल्क आणि प्रवेशाचे नियम. इथे आयुष्याबरोबर दुसरी कसोटीही लावावी लागते, ती म्हणजे चुकीमुळे वाचकाचे किती नुकसान होईल. बागेची वेळ अर्ध्या तासाने चुकली तर वाचक बाकावर बसून राहील. व्हिसाचा नियम चुकला तर त्याचा प्रवास विमानतळाच्या काउंटरवरच संपेल. तिथला कर्मचारी आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या टायमॅटिक या माहितीसंचात नियम पाहतो आणि तुमच्या लेखाचा पडद्यावरचा उतारा दाखवून काहीही होत नाही.

शेंगेन क्षेत्राचा नियम पाहा. अल्प मुक्कामासाठी येणाऱ्या युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशाचा पासपोर्ट परत निघण्याच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो, आणि शिवाय तो प्रवेशाच्या आधीच्या १० वर्षांच्या आत दिलेला असावा लागतो. थोडक्यात सांगण्याच्या नादात लेखक पहिला अर्धा भाग ठेवतो आणि दुसरा गाळतो. ब्रिटनसारख्या देशाने २०१८ पर्यंत जुन्या पासपोर्टवरचे उरलेले महिने नव्यात मिळवून दिले होते, त्यामुळे पासपोर्टवरची मुदत शिल्लक दिसत असूनही दहा वर्षांच्या अटीवर प्रवासी अडकू शकतो, आणि असा प्रवासी तुमचा अर्धा नियम वाचून निश्चिंत होतो. मुक्कामाच्या मर्यादेचेही तसेच आहे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, असा तो नियम आहे. म्हणजे मुक्कामातल्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस मोजून पाहायचे असतात. ‘वर्षातून दोनदा ९० दिवस’ असे त्याचे सोपे रूप केले की ते ऐकायला बरे वाटते, पण त्यातून तारखांचा हिशेब चुकतो. म्हणून माझा नियम असा आहे की प्रवेशाचे नियम आपल्या शब्दांत सोपे करू नयेत. मूळ नियम पूर्ण द्यावा, तो कोणत्या देशाच्या पासपोर्टसाठी आहे ते लिहावे, अधिकृत पानाची लिंक द्यावी आणि तपासल्याची तारीख त्याच परिच्छेदात ठेवावी. ‘व्हिसा लागत नाही’ हे वाक्य, कोणाला लागत नाही ते सांगितल्याशिवाय, अपुरे आहे.

पडताळणी कशी करावी याबद्दल माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: तीन ठिकाणी तेच लिहिलेले सापडले म्हणजे तीन स्रोत मिळाले असे समजू नये. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या मधल्या कोरल समुद्रात सँडी आयलंड नावाचे बेट नकाशांवर शतकाहून अधिक काळ दाखवले जात होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचे संशोधन जहाज त्या जागी गेले तेव्हा तिथे हजार मीटरहून खोल पाणी होते. प्रत्येक नवा नकाशा आधीच्या नकाशावर विसंबून बनला होता. दुसरे उदाहरण तर थेट प्रवासातलेच आहे. इग्वासू धबधब्याला जाऊन आलेल्या एका अमेरिकी विद्यार्थ्याने २००८ मध्ये विकिपीडियावरच्या कोआटी या प्राण्याच्या लेखात त्याला ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असेही म्हणतात, अशी स्वतःच बनवलेली भर घातली. पुढे ते नाव वृत्तपत्रांत आले, आणि मग त्याच वृत्तपत्रांचा दाखला त्या वाक्याचा पुरावा म्हणून जोडला गेला. प्रवासाची संकेतस्थळे एकमेकांकडून किती उचलतात हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा प्रत्येक वेळी ‘हे मुळात कोण सांगते आहे’ इथपर्यंत मागे जावे लागते.

स्थळाचे स्वतःचे पानही जुने असू शकते, आणि ऑनलाइन नकाशावर दिसणारी वेळ कोणत्याही वापरकर्त्याने सुचवलेली असू शकते, म्हणून शंका आली की फोन करावा. फोनवर विचारण्याचीही पद्धत आहे. ‘तुम्ही सोमवारी उघडे असता ना?’ असे विचारले तर घाईतला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘आठवड्यात कोणत्या दिवशी बंद असता, आणि या वर्षात आणखी केव्हा बंद राहणार आहात?’ असे विचारले तर त्याला आठवून उत्तर द्यावे लागते. तुमच्या संग्रहालयाच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाने डागडुजीची तारीख बहुधा आधीच कळली असती.

तपासणारी व्यक्ती लेखकापेक्षा वेगळी असावी, आणि तिने लेख वाचण्याऐवजी तो सोलावा, असे मी म्हणतो. विशेषनामे, आकडे, दिशा, वार, अंतर आणि ‘सर्वांत’सारखे शब्द अधोरेखित करायचे आणि प्रत्येकासमोर लेखकाने दिलेला स्रोत आहे की नाही हे पाहायचे, वाक्याची गोडी त्या वेळी मनावर घ्यायची नाही. यंत्राकडून लिहून घेतलेल्या मसुद्यांत याची गरज आणखी वाढते, कारण भाषा इतकी सफाईदार असते की तपासणाऱ्याची नजर घसरून पुढे जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये ओटावा शहरातल्या प्रेक्षणीय स्थळांच्या एका यादीत गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेचे नाव आले होते आणि तिथे रिकाम्या पोटी जाण्याचा सल्लाही दिलेला होता. एका माणसाने ती नावे एकेक करून पाहिली असती तर ते छापले गेले नसते. यंत्राच्या मसुद्यातली जी माहिती स्वतंत्र स्रोतातून सापडत नाही, ती मुळात नव्हतीच असे धरून काढून टाकावी.

स्वतः जाण्याबद्दल माझे मत आता सांगता येईल. प्रत्यक्ष भेट ज्यासाठी आवश्यक आहे ते म्हणजे मत आणि अनुभव: चढ किती दमवतो, गर्दी केव्हा ओसरते, वृद्ध माणसाला तिथे नेता येईल का. जिथे लेखक गेलेला नाही तिथे ‘मन प्रसन्न होते’ किंवा ‘सहज पोहोचता येते’ अशी वाक्ये नकोत, हा नियम कडकपणे पाळा. कागदपत्रांवरून आणि फोनवरून तयार केलेला लेख प्रसिद्ध करायला मात्र हरकत नाही, तो तसा तयार केला आहे हे वर लिहिले म्हणजे झाले. सगळ्या लेखांसाठी भेटीची सक्ती केली तर लेखक न जाताही गेल्यासारखे लिहू लागतात, असे मी पाहिले आहे.

मोफत मुक्कामाबद्दल लिहावे, पण ते लेखाच्या सुरुवातीला, मत मांडण्यापूर्वी आणि साध्या शब्दांत सांगून लिहावे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची भूमिकाही हीच आहे की असा संबंध वाचकाला सहज दिसेल अशा जागी उघड केला पाहिजे. पानाच्या तळाशी लपवलेली ओळ पुरेशी नाही. यजमानाशी आधीच ठरवा की लेख प्रसिद्ध होण्यापूर्वी तुम्ही त्याला तथ्ये तपासायला दाखवाल, मते नाहीत. ज्या लिंकवरून आरक्षण झाल्यास तुम्हाला कमिशन मिळते, तिथेही तसे नमूद करा. काही मोठ्या संस्थांत यादी करणाऱ्या संपादकाला कमिशनचे दर कळू दिले जात नाहीत. चौघांच्या चमूत ती भिंत उभारता येत नाही, म्हणून यादीचा क्रम कशावर लावला आहे हे यादीच्या वरच लिहावे आणि त्या निकषाला धरून राहावे.

दुरुस्तीबद्दल माझी रेघ अशी आहे. शुद्धलेखनाची चूक मुकाट्याने सुधारावी. जी चूक वाचून एखाद्याने निर्णय घेतला असेल, ती लेखातच तारखेसह नोंदवावी, आधी काय लिहिले होते आणि योग्य काय आहे या दोन्ही गोष्टींसह. एकदा माझ्या संपादनाखाली एका बोटीचे वेळापत्रक ‘दररोज’ असे छापले गेले. लेखकाने ते हंगामात पाहिले होते आणि हंगाम संपल्यावर ती बोट आठवड्यातून दोनच दिवस सुटत होती. एक कुटुंब लहान मुलांसह धक्क्यावर ताटकळून परत गेले. आम्ही तो शब्द त्याच संध्याकाळी बदलला, पण दुरुस्तीची नोंद केली नाही, आणि आधी लेख वाचून बेत आखलेल्या आणखी दोघांना पुढच्या पंधरवड्यात तोच त्रास झाला. नोंद असती तर निघण्यापूर्वी पुन्हा लेख उघडणाऱ्याला ती दिसली असती. तेव्हापासून सुरक्षितता, प्रवेशाचे नियम आणि वाहतूक यांविषयी तक्रार आली की मी ती माहिती आधी लेखातून काढून घेतो आणि मग खरेखोटे शोधतो. शोध पूर्ण होईपर्यंत ती तशीच ठेवत नाही.

तारखांचीही फसवणूक टाळा. स्वल्पविराम बदलला तरी ‘अद्ययावत’ची तारीख आपोआप पुढे सरकेल अशी व्यवस्था असेल तर ती आजच बंद करा. लेखावर दोन तारखा असाव्यात, पहिल्या प्रसिद्धीची आणि सर्व अल्पायुषी माहिती शेवटची तपासल्याची. दुसरी तारीख फक्त माणसाने, तपासणी संपल्यावर बदलावी.

साडेतीनशे लेखांना एकदम हात घालू नका. वाचनसंख्येनुसार पहिले तीस निवडा, त्यांत प्रवेशाचे नियम किंवा वाहतूक असलेले वर घ्या, आणि तेवढेच या महिन्यात पूर्ण तपासा. फारसे न वाचले जाणारे आणि माहितीने भरलेले लेख सरळ काढून घ्यायला कचरू नका. जे मुळात अनुभवकथन आहेत त्यांच्या शीर्षकातच प्रवासाचे वर्ष घाला आणि त्यांतल्या वेळा, दर गाळा. तुमच्याकडे वेळ किती आहे यावर उरलेल्यांची गती ठरेल, पण तपासलेला आणि न तपासलेला लेख वाचकाला वेगळा ओळखू आला पाहिजे.

आणि हे सगळे सुरू करण्यापूर्वी त्या वाचक महिलेला उत्तर लिहा. माहिती केव्हा घेतली होती, ती पुन्हा तपासली गेली नाही, लेखात आज काय बदलले आणि दुरुस्तीची नोंद कुठे दिसेल, एवढे त्यात असू द्या. जमल्यास संग्रहालय पुन्हा केव्हा उघडणार हेही फोन करून विचारा आणि त्यांना कळवा.